ओरखडा किती खोल?

नवी गाडी घेतली की पहिल्या महिन्यात माणूस तीन गोष्टी न चुकता करतो. सीटवरचं प्लास्टिक काढावं की राहू द्यावं यावर घरात चर्चासत्र भरवतो. ईएमआय कापल्याचा एसएमएस आला की एक छोटासा उसासा टाकतो. आणि पार्किंगमधून लिफ्टकडे जाताना मागे वळून गाडीकडे एकदा बघतो. मग एका सकाळी ती नजर दारावर अडकते. वीतभर लांब, पांढरट रेघ! कुणी मारली? कधी मारली? शेजारच्या बाईकचं हॅण्डल, की सोसायटीतल्या चिल्ल्यापिल्ल्यांची सायकल? सीसीटीव्हीचं फुटेज मागायला वॉचमनच्या केबिनपर्यंत जाऊन आलेले कितीतरी सभ्य इंजिनीअर माझ्या ओळखीचे आहेत.

यानंतर मंडळी दोन गटांत विभागली जातात. पहिला गट तडक वर्कशॉप गाठतो आणि एका रेघेसाठी अख्खं दार रंगवून घेतो. दुसरा गट रात्री साडेअकरा वाजता मोबाईलवर ‘पाच मिनिटांत ओरखडा गायब’ छापाचे व्हिडिओ बघतो आणि टूथपेस्टची ट्यूब घेऊन खाली उतरतो. या दोन्ही गटांना माझं एकच सांगणं आहे. बॉस, जरा थांबा. आधी एक ग्लास पाणी आणा. प्यायला नाही, ओरखड्यावर ओतायला!

पाण्याचं काय काम, ते सांगतोच. त्याआधी थोडे फंडे क्लिअर करू.

चमक नेमकी कुठे असते?

आपण ‘गाडीचा रंग’ म्हणतो तो एक थर नसतो. पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर खरा रंग म्हणजे बेस कोट आणि सगळ्यात वर काचेसारखा पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. म्हणजे आपण जिच्यावर जीव टाकतो ती अख्खी रंगसंगती जाडीला दोन केसांएवढीसुद्धा नसते कधीकधी! त्यातला क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉन. शोरूमची ती झळाळी राहते याच थरात. आणि उन्हातल्या अतिनील किरणांना अडवणारी रसायनंही मुख्यतः यातच असतात.

आता मुद्द्याची गोष्ट. पॉलिश ओरखडा भरून काढतं, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात पॉलिश काहीच भरत नाही. त्यात अतिशय बारीक, घासणारे कण असतात. ते ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट खरवडतात आणि ओरखड्याच्या तळाच्या पातळीवर आणतात. रस्त्यावर खड्डा पडला म्हणून महापालिकेने तो बुजवायच्या ऐवजी सगळा रस्ताच खड्ड्याएवढा खाली नेला, तर कसं होईल? अगदी तसं. खड्डा दिसेनासा होतो खरा, पण रस्ता पातळ झालेला असतो.

म्हणजे क्लिअर कोट हे असं बँक खातं आहे, ज्यात कंपनीने कारखान्यात एकदाच पैसे भरले. त्यानंतर फक्त काढायचे. दर पॉलिशला थोडे-थोडे. दर दिवाळीला हौसेने रबिंग कंपाऊण्ड मारून घेणाऱ्यांचं खातं एक दिवस रिकामं होतं. मग टपावर आणि बॉनेटवर ते पांढरट, पापुद्रे सुटल्यासारखे चट्टे दिसू लागतात. त्यावर जगातलं कुठलंही पॉलिश चालत नाही.

हा सगळा किस्सा मला अगदी सोप्या भाषेत कळला तो पुण्यातल्या कुठल्या डिटेलिंग स्टुडिओत नव्हे, तर तेल्हाऱ्यात.

पऱ्हाटीची बंडी आणि माझं दार

तेल्हारा माझं गाव. अकोला जिल्ह्याचा उत्तरेकडचा तालुका. एका अंगाला सातपुडा, दुसऱ्या अंगाला पूर्णेचं खोरं आणि मध्ये काळी माती नि कापूस. फेब्रुवारीत चुलतभावाचं लग्न होतं म्हणून पुण्याहून गाडी घेऊन गेलो. साधारण पाचशे किलोमीटरचा प्रवास आणि गाडीवर एक रेघ नाही. आमच्या गल्लीत गाडी लावली, आईने तिला हळदकुंकू लावलं, बाबांनी उगाचच दोनदा दार उघडून बंद केलं. त्यांच्या घराण्यातली ही पहिली चारचाकी.

फेब्रुवारी म्हणजे कापसाची वेचणी आटपून शेतातली वाळकी पऱ्हाटी उपटायचे दिवस. काही जण ती चुलीला सरपण म्हणून बंडीत भरून घरी आणतात. शेजारच्या काकांची बंडी अशीच काठोकाठ भरून गल्लीत शिरली. गल्ली अरुंद, बैल आपल्या चालीने चालणारे. दोन्ही बाजूंना बाहेर आलेल्या काड्या माझ्या गाडीच्या डाव्या दारांवरून खर्रऽऽकन ओढल्या गेल्या. आठ-दहा रेघा. काही नाजूक, काही चांगल्या ठसठशीत.

काका तेव्हा काहीच बोलले नाहीत. बंडी रिकामी केली आणि घरात गेले. दुसऱ्या दिवशी लग्नघरी दिसले नाहीत. गल्लीतून जायचं सोडून मागच्या बोळाने जात होते. आमच्या घरी चहाला रोज येणारा माणूस! संध्याकाळी आले ते थेट खिशातून नोटांची घडी काढूनच.

“किती लागतीन ते सांग बाप्पा. तुह्या नव्या गाडीले पहिला डाग माह्याच बंडीनं लावला.”

बाबा आतूनच ओरडले, “त्याच्याजवळून एक रुपया घेऊ नोको!”

मी दुपारीच एका वर्कशॉपला फोटो पाठवून भाव काढला होता. दोन्ही दारं मिळून नऊ हजार. कापूस विकून हातात आलेल्या पैशातले नऊ हजार म्हणजे काय, हे त्या घरात वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. घेतले असते तर काकांचं वर्षाचं गणित बिघडलं असतं. ‘असू द्या हो’ म्हणून परत केले असते, तरी ते मागच्या बोळानेच जात राहिले असते. फुकटची माफी काही माणसांना नऊ हजारांपेक्षा महाग पडते.

मी म्हटलं, “काका, पैसे खिशात ठेवा. उद्या सकाळी आठ वाजता या. दोघं मिळून पाहू किती निघतात ते.”

पाण्याची आणि नखाची परीक्षा

सकाळी गाडी निंबाच्या सावलीत घेतली. दार हाताला गार लागत होतं, हे महत्त्वाचं. तापलेल्या पत्र्यावर पॉलिश लगेच सुकतं आणि उपयोगापेक्षा त्रास जास्त होतो. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात तर सकाळी दहानंतर या वाटेला जाऊच नये.

आधी पाईपने नुसतं पाणी मारून धूळ घालवली. मग शाम्पूने धुतलं. ओल्या दाराकडे बघताच काका चमकले. “अरे, गेले की हे!” निम्म्याहून जास्त रेघा दिसतच नव्हत्या.

हीच ती पाण्याची परीक्षा. ओरखडा फक्त क्लिअर कोटमध्ये असेल, तर त्यात पाणी भरलं की प्रकाश विखुरत नाही आणि रेघ काही क्षण नाहीशी होते. ओली असताना गायब होणारी रेघ पॉलिशने जाण्याची शक्यता चांगली. पाण्याखालीही रेघ तशीच ठळक दिसते? मग ती खाली रंगापर्यंत किंवा त्याच्याही पुढे पोचली आहे.

दुसरी परीक्षा नखाची. स्वच्छ, कोरड्या दारावर नख ओरखड्यावरून आडवं, अगदी हलक्या हाताने फिरवायचं. अडकलं नाही, तर घरी करून बघण्यासारखं काम. जरासं अडकलं, तर ओरखडा फिका होईल, पूर्ण जाणार नाही. चांगलंच अडकलं, तर हात आवरायचा. आणि तळाशी पांढरा-करडा रंग दिसला तर तो प्रायमर, धातू किंवा तांबूस रंग दिसला तर थेट पत्रा. तिथे पॉलिशचं काहीच काम नाही.

एक तिसरी शक्यता लोक विसरतात. शहरातले कितीतरी ‘ओरखडे’ हे ओरखडे नसतातच. समोरच्या गाडीचा किंवा पार्किंगच्या खांबाचा रंग आपल्या गाडीवर चिकटलेला असतो. बोट फिरवलं की खड्ड्याऐवजी उंचवटा लागतो. अशा वेळी मऊ कापडावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा डांबर काढायचं लिक्विड घेऊन हलक्या हाताने पुसलं, तरी निम्मं काम होतं. नऊ हजारांचं दुखणं शंभर रुपयांत!

आमच्या दारावर हिशेब असा निघाला. सहा रेघा वरवरच्या, तीन जरा खोल आणि एक हॅण्डलच्या खाली, पांढरा प्रायमर दाखवणारी.

विळा घासल्यासारखं

आता प्रत्यक्ष काम. दाराची कड, हॅण्डल आणि काळं रबर यांवर मास्किंग टेप लावली. कडांवर रंग सगळ्यात पातळ असतो आणि तिथेच तो आधी उडतो. फोमच्या छोट्या पॅडवर हरभऱ्याएवढे चार ठिपके पॉलिशचे. सुरुवात नेहमी सगळ्यात सौम्य पॉलिशने करायची. त्याने भागलं नाही तरच कंपाऊण्ड. औषधासारखं आहे, सर्दीला थेट इंजेक्शन घेत नाही आपण. आणि आधी तळहाताएवढ्या जागेवर करून बघायचं, मग पुढे जायचं.

हाताने घासताना गोल-गोल फिरवायची सवय सगळ्यांना असते. त्याऐवजी सरळ रेषेत, मागे-पुढे, एकमेकांवर थोडे चढणारे हात मारावेत. जोर बेताचा. वीस-पंचवीस हात झाले की मायक्रोफायबरने पुसायचं आणि मोबाईलचा टॉर्च तिरका धरून बघायचं. एक खास टीप : पुसल्यावर लगेच खूश होऊ नका. पॉलिशमधलं तेल ओरखड्यात बसून त्याला तात्पुरतं झाकतं. अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात घेऊन एकदा पुसा. त्यानंतर जे दिसतं ते खरं.

काका पंधरा मिनिटं नुसते बघत होते. मग पॅड माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः सुरू झाले. औतफाट्याला तेल देणारा, विळ्याला धार लावणारा हात. मला शिकवावं लागलंच नाही. जोर कुठे द्यायचा नि कुठे सोडायचा, हे त्यांना माहीत होतं. मी त्यांना थरांचं, मायक्रॉनचं सांगत होतो. त्यांनी मध्येच थांबवलं.

“म्हंजे हे विया घासल्यासारखंच हाय न. धार येते, पण विया झिजते.”

विळ्याला धार येते, पण विळा झिजतो. संपलं. वर मी दोन परिच्छेद खर्च करून जे सांगितलं, ते काकांनी एका वाक्यात उरकलं.

सहा रेघा पूर्ण गेल्या. तीन इतक्या फिक्या झाल्या की कुणी दाखवल्याशिवाय दिसत नाहीत. त्या तीनही काढाव्यात म्हणून काका पुन्हा पॅड उचलत होते, मी नको म्हटलं. आणखी घासून क्लिअर कोट गेला असता, आणि पाच वर्षांनी तिथे चट्टा पडला असता. उरली हॅण्डलखालची ती पांढरी. तिला नंतर टच-अप केलं. ते कसं, ते पुढे येतंच. काम संपल्यावर काका आमच्या ओट्यावर बसले, चहा घेतला आणि जाताना गल्लीतूनच गेले.

हा रंग आपल्याच शेतातला!

चहा पिताना त्यांना एक गोष्ट सांगितली, ती तुम्हालाही सांगतो. मोटारीच्या सुरुवातीच्या काळात रंगाचे नि वार्निशचे हात देऊन ते वाळवायला आठवडेच्या आठवडे लागत. १९२३-२४ च्या सुमारास अमेरिकेत ड्युपॉण्ट कंपनीने ‘ड्युको’ नावाचा नवा लॅकर आणला. जनरल मोटर्सच्या ओकलॅण्ड गाड्यांवर तो निळ्या रंगात झळकला. तो काही तासांत वाळायचा. आणि तो बनायचा कशापासून? नायट्रोसेल्युलोज म्हणजे ॲसिडची प्रक्रिया केलेल्या कापसापासून! जिनिंगनंतर सरकीला चिकटून राहणारे जे आखूड तंतू असतात, ते या कामाला वापरले जात.

हा लॅकर मारल्यावर मंद दिसायचा. घासून, कंपाऊण्ड लावूनच त्याला चमक आणावी लागे. गाडी आणि रबिंग कंपाऊण्ड यांचं लग्न लागलं ते हे असं. आपल्याकडचे जुने रंगारी अजूनही स्प्रे पेण्टिंगला ‘ड्युको मारणं’ म्हणतात, त्याचं मूळ तिथे आहे.

त्यानंतरही बराच काळ गाड्यांवर वेगळा क्लिअर कोट नसायचा. माझ्या मामांकडे प्रीमियर पद्मिनी होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. मामा रविवारी तिला पॉलिश करायचे, तेव्हा फडकं गाडीच्या रंगाचं व्हायचं. आम्हा पोट्ट्यांना त्याची भारी गंमत वाटायची. तोच रंग फडक्यावर येत होता, दुसरं काय! पण तो थर जाड असायचा आणि खालीही तोच रंग, त्यामुळे चाळीस रविवार पचून जायचे. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. पण ‘घासा, म्हणजे चमकेल’ ही तिच्या काळातली सवय मात्र आपल्या हातात तशीच राहिली.

आजही फडक्यावर तुमच्या गाडीचा रंग उतरताना दिसला, तर दोनच अर्थ. एक तर तुमच्या गाडीला वेगळा क्लिअर कोट नाही, काही साध्या रंगांच्या गाड्यांना तो नसतो. नाहीतर तुम्ही क्लिअर कोट पार करून खाली पोचला आहात. दुसरा अर्थ असेल तर हात तिथेच थांबवा.

रोजचं पुसणं, रोजचं घासणं

आता जरा कडू औषध. तुमच्या गाडीवरचे सगळ्यात जास्त ओरखडे कुणा बाईकवाल्याने केलेले नसतात. ते रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसल्याने होतात. धुळीत वाळूचे कण असतात आणि ते क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण असतात. कोरडं फडकं फिरवणं म्हणजे रोज अगदी बारीक पॉलिशपेपर फिरवणं. उन्हात गाडीवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतात ना, ती हीच. गंमत म्हणजे त्या रेघा गोल नसतातच. सगळ्या दिशांना सरळ-वाकड्या गेलेल्या असतात, पण प्रकाशाला आडव्या येणाऱ्या तेवढ्याच चमकतात, म्हणून जाळं गोल दिसतं.

पुण्या-मुंबईत सोसायटीत गाड्या पुसणारा मुलगा एका बादलीत नि एका फडक्यात वीस गाड्या उरकतो. त्याला महिन्याला जे मिळतं, त्यात दुसरं काय करणार तो? त्याच्यावर चिडण्यापेक्षा त्याला आपल्या गाडीपुरती दोन मायक्रोफायबरची फडकी द्या आणि रोज कोरडं पुसण्याऐवजी आठवड्यातून दोनदा पाण्याने धुवायला सांगा. पैसे तेवढेच ठेवा. त्याचेही कष्ट वाचतील, तुमचा रंगही.

पाण्याचीही एक गोम आहे आणि ती आमच्याकडे फार. पूर्णेच्या खोऱ्यातला मोठा पट्टा खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो, तेल्हारा तालुक्याचा काही भाग त्यात येतो. तिथलं बोअरचं पाणी खारट. त्याने गाडी धुऊन उन्हात तशीच सोडली की पाणी उडून जातं आणि क्षारांचे गोल डाग मागे राहतात. मग लोक ते डाग घासायला जातात आणि नवे ओरखडे पाडतात. पुण्यात टँकरच्या नि बोअरच्या पाण्यावर असलेल्या सोसायट्यांची कहाणी वेगळी नाही. उपाय साधा : सावलीत धुवा, लगेच टिपून कोरडी करा. डाग पडलेच तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन हलकेच पुसा आणि स्वच्छ पाण्याने धुऊन टाका.

टूथपेस्टचं काय, असा प्रश्न येणारच. त्यातही घासणारे कण असतात, म्हणून अगदी बारीक रेघ तिने फिकी होते, हे खरं. पण ते कण दातांसाठी बनवलेले असतात, रंगासाठी नव्हे. शेदोनशेला चांगलं पॉलिश मिळत असताना दात घासायची पेस्ट गाडीला कशाला? केरोसीन आणि डिझेलच्या फडक्याने येणारी चमक तेलकट असते आणि त्यावर दुप्पट धूळ बसते. वॅक्स ओरखडे काढत नाही, पण पॉलिशनंतर पृष्ठभाग जपायला ते हवंच. आणि सिरॅमिक कोटिंग केलं म्हणजे गाडीला चिलखत मिळालं, असं मुळीच नाही. पऱ्हाटीच्या काडीपुढे त्याचा टिकाव लागत नाही.

क्लेम करावा का?

‘इन्शुरन्स आहे ना, मग करू क्लेम!’ हा आपल्या पिढीचा आवडता डायलॉग. जरा कॅल्क्युलेटर काढा. क्लेम न केल्यास नो क्लेम बोनस पहिल्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के. हा गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमवर मिळतो. एका दाराच्या रेघेसाठी क्लेम केला की साधारणपणे शिडी पुन्हा तळापासून चढायची. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे किमान १००० रुपये आपल्या खिशातून जातात. बोनससाठी वेगळं ॲड-ऑन कव्हर असेल तर गोष्ट निराळी. पॉलिसीचा कागद वाचा, मग फोन करा.

वर्कशॉपला मात्र जायलाच हवं अशी वेळ असते. पत्रा चेपला असेल, रंगाचे पापुद्रे निघत असतील किंवा हातभर लांबीची रेघ थेट पत्र्यापर्यंत गेली असेल, तर पावसाळ्याच्या आधी जाच. उघड्या पत्र्याला गंज फार थांबत नाही. पण तिथेही ‘फुल बॉडी रबिंग’चं पॅकेज गळ्यात मारत असतील, तर नम्रपणे नको म्हणा. पेण्टची जाडी मोजणारं यंत्र आहे का, ते विचारा. आधी मोजून मग घासणारा माणूस भेटला, तर त्याचा नंबर सेव्ह करून ठेवा.

वीकेण्डची शिदोरी

• सामान : कार शाम्पू, दोन बादल्या, चार मायक्रोफायबर, फोमचा हातपॅड, मास्किंग टेप, सौम्य पॉलिश, वॅक्स. पाच सहाशे किलोमीटरच्या पेट्रोलपेक्षा जास्त खर्च येत नाही. कपड्यांची पावडर अजिबात नको.

• दोन बादल्या कशाला? एक शाम्पूची, दुसरी फडकं खळबळायची. वाळू दुसरीत राहते, गाडीवर परत जात नाही. फडकं जमिनीवर पडलं की ते टायर पुसायच्या ढिगात, पुन्हा दारावर नाही.

• मशीन घ्यायचंच असेल तर ‘ड्युअल ॲक्शन’ प्रकारातलं. एकाच आसावर गरगर फिरणारं रोटरी नवख्याच्या हातात रंग तापवतं आणि जाळतं. दोन हजार नंबरचा पॉलिशपेपर व्हिडिओत छान दिसतो, तो व्हिडिओतच राहू द्या.

• टच-अप : गाडीचा कलर कोड दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली स्टिकरवर असतो. तो देऊन टच-अप पेन मागवा. जागा अल्कोहोलने पुसून, टूथपिकच्या टोकाने रंग फक्त खाचेत भरा. एकदम जाड थेंब नको, दोन-तीन पातळ हात द्या आणि मध्ये वाळू द्या. जवळून बघितलं तर दिसेल, पण गंज थांबेल.

• एकाच जागी वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा कंपाऊण्ड नाही. कुठलाही ओरखडा शंभर टक्के घालवायच्या हट्टाला पेटायचं नाही. ऐंशी टक्के गेला की वॅक्स लावून मोकळं व्हायचं.

तर येत्या रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. एका हातात पाण्याचा ग्लास, दुसऱ्या हाताचं नख तयार. कुठली रेघ घालवायची आणि कुठली तशीच सोडायची, हे दहा मिनिटांत ठरतं. आणि शेजारच्या बाईकवाल्याला रागाने मेसेज टाइप करत असाल, तर तो पाठवायच्या आधी रेघेवर पाणी ओतून बघा. नाहीशी झाली, तर त्यालाच खाली बोलवा आणि पॅड त्याच्या हातात द्या!